समजूत नको, पत्ता सांगा

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. हल्लीच्या मुलींना सहन करायची सवय राहिली नाही, जरा काही झालं की कोर्टात धावतात, सोन्यासारखी घरं मोडतात वगैरे. खाली हात जोडलेले इमोजी. पाठवणारे आमचे एक काका. असली फॉरवर्डं मी उघडतसुद्धा नाही. पण त्याखाली अंगठे दाखवणाऱ्यांमध्ये नवरा मारतो म्हणून माझ्या मावसबहिणीसाठी, म्हणजे ताईसाठी, भरवलेल्या बैठकीला बसलेली मंडळी होती. तिथे माझं डोकं फिरलं.

ताईला विचारून लिहितेय. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, तुम्हीही कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका.

तर ती बैठक. ताईला काय हवंय हे एकानेही विचारलं नाही. नवऱ्याकडून 'परत हात उचलणार नाही' असं वदवून घेतलं, मग दोघांना मोठ्यांच्या पाया पडायला लावलं. दोघांना! मार खाल्लेली बाई वाकून नमस्कार करतेय आणि हे वरून 'सुखी राहा' म्हणतायत. चहा पिऊन सगळे घरी गेले. पुढचा मार आधीच्यापेक्षा जास्त होता, कारण आता 'चारचौघांत अब्रू घालवली' हे कारण मिळालं होतं.

मग ती पोलीस ठाण्यात गेली. मी सोबत होते. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली आणि 'घरातलं आहे, बोलावून समज देतो' म्हणाले. आता हे नीट वाचा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. त्याचं कलम 5 म्हणतं की अशी तक्रार कानावर आली की पोलिसाने त्या बाईला तिचे हक्क सांगायचेच आहेत: संरक्षणाचा आदेश मागता येतो, मदतीला सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, वकील मोफत मिळतो, फौजदारी तक्रारही करता येते. हे सांगणं म्हणजे उपकार नाहीत, ड्यूटी आहे. आम्हाला यातलं एक वाक्य ऐकायला मिळालं नाही. चांगले पोलीसही असतात, हो, असतात. आम्हाला त्या दिवशी भेटले नाहीत.

माझा राग नेमका याच्यावर आहे. बाई पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा समोरचा माणूस, मग तो काका असो, हवालदार असो की शेजारीण, तिला सल्ला देतो. माहिती कुणी देत नाही. 'जरा सांभाळून घे' म्हणायला सगळे तयार, 'अर्ज इथे मिळतो' म्हणायला कुणी नाही.

आणि कोर्ट म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर एकतर घटस्फोट येतो, नाहीतर जावई जेलमध्ये. अहो, या कायद्याखाली अर्ज करायला घटस्फोट लागत नाही, एफआयआरही लागत नाही. बाई थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे (मॅजिस्ट्रेटकडे) अर्ज करू शकते किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करू शकते. ती जिथे राहतेय तिथे, अगदी तात्पुरती माहेरी असली तरी तिथल्या कोर्टात. मारायचं नाही, धमकवायचं नाही, घरातून काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे, मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळं त्या एकाच अर्जात मागता येतं. घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न राहण्याच्या हक्काच्या आड येत नाही. सासूच्या किंवा सासऱ्याच्या मालकीच्या घराबद्दलही सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सुनेच्या बाजूने अर्थ लावलाय. या कायद्यात जेलचा विषय येतो तो कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर. मग एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे न मारणाऱ्या माणसाला घाबरण्यासारखं यात काय आहे, काका?

खोट्या केसेस होतात. होत असतील. त्यासाठी कोर्ट आहे, पुरावा आहे, उलटतपासणी आहे. व्हॉट्सअॅप ग्रुप नाही.

वकिलाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त बायका इथे अडकतात. ताई दागिने मोडायला निघाली होती. नवरा पैसे हातात देत नव्हता (तोही हिंसाचारच आहे बरं का, आर्थिक, त्याच कायद्यात लिहिलंय). मोफत वकील फक्त अगदी गरिबांना मिळतो, आपल्याला कोण देणार, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. कोर्टाच्या आवारात एका बाईने, बहुतेक कुणाची तरी ज्युनियर असावी, नुसतं बोट दाखवलं: 'तिकडे विधी सेवा प्राधिकरणात विचारा.' तिचं नाव विचारायचं राहिलं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अटच नाही. पगार असो नसो, वकील मिळतो. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. ताईचा अर्ज तिथेच भरून घेतला.

फुकटचा वकील काय कामाचा, असं लगेच कुणीतरी लिहिणार. बरोबर आहे, पहिले वकील तारखेला आलेच नाहीत. ताईने प्राधिकरणात लेखी अर्ज दिला, वकील बदलून मिळाल्या, आणि या बाई अशा तयारीच्या की समोरच्या महागड्या वकिलाला घाम फुटला. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण 3 दिवसांत, निकाल 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे मी नाकारत नाही. पण अंतरिम आदेश मधल्या काळात मिळतो आणि ताईला तो मिळाला. घर मोडलं का? घर आहे तिथेच आहे. बाहेर गेला तो मारणारा.

एक गोष्ट अजून खुपते. दवाखान्यात ताईने दरवेळी 'जिन्यावरून पडले' सांगितलं होतं, आणि केसपेपरवर तेच लिहिलेलं. बायांनो, डॉक्टरला खरं सांगा. कुणी मारलं ते सांगा आणि कागद जपून ठेवा.

आता मुलाबद्दल. इथे मात्र माझे हात थरथरतात टाइप करताना. ताईचा मुलगा मध्ये पडायचा आणि पट्टा त्यालाही बसायचा. बैठकीत हे ताईने सांगितलं होतं. उत्तर काय आलं? 'मुलाला बाप लागतोच.' तो पोरगा दाराशी उभा राहून ऐकत होता. कुणीही त्याला आत बोलावून जवळ घेतलं नाही. आता तो बरा आहे. मोठ्याने हसतो. दाराची बेल वाजली की अजून दचकतो.

मुलाला असं मारणं म्हणजे शिस्त नव्हे. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 75 खाली, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच असा छळ केला तर तो गुन्हा आहे, बाप असला तरी. बापाच्या भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर न्यायदंडाधिकारी भेट नाकारतात, तेही 2005 च्या कायद्यात आहे.

आणि लैंगिक अत्याचार असेल तर 'घरातच मिटवू' हे शब्द तोंडातून काढू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा, 2012. मुलगी असो वा मुलगा, अठराच्या आतलं कोणीही. कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. लोक घाबरतात की लेकराला ठाण्यात बसवतील. नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्यांनी, शक्यतो महिला अधिकाऱ्यांनी, विश्वासाच्या माणसासमोर घ्यायचा आहे. रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. कोर्टात आरोपी मुलाच्या नजरेस पडू द्यायचा नाही. हे होत नसेल तर भांडा, कायदा तुमच्या बाजूने आहे. वकील परवडत नसेल तर इथेही विधी सेवा प्राधिकरण देतं.

नंबर लिहून ठेवा. कायदेशीर मदत 15100. महिला हेल्पलाइन 181. मुलांसाठी 1098. आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर 112. मी वकील नाही, इनबॉक्समध्ये केस सांगून सल्ला मागू नका. सोबत यायला हवं असेल तर सांगा, येईन. ज्यांना 'दोन्ही बाजू' मांडायच्या आहेत त्यांनी त्या स्वतःच्या वॉलवर मांडाव्यात, इथे मी डिलीट करणार आहे.