‘कीप माय फाइल्स’ म्हटलं की झालं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. (‘काका’ म्हणतोय, कारण तुम्ही निवृत्त आहात आणि विंडोज ९८ पासून घरचे सगळे कॉम्प्युटर स्वतःच लावता, असं तुम्हीच लिहिलंय.) विंडोज पुन्हा टाकण्याआधीच्या तयारीबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : रिसेट (म्हणजे विंडोजचीच स्वतःला नव्याने बसवण्याची सोय) करताना ‘कीप माय फाइल्स’, म्हणजे ‘माझ्या फाइल्स ठेव’, निवडलं की काही जात नाही. डेटा डी ड्राइव्हवर असेल तर तेवढंही नको, सी (जिथे विंडोज असतं तो ड्राइव्ह) बिनधास्त फॉरमॅट करा. आणि एवढं पाल्हाळ लावून मी साध्या माणसाला घाबरवतोय आणि दुकानदाराच्या दारात उभं करतोय.

पहिलं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स जागच्या जागी राहतात. प्रोग्रॅम उडतात, आणि कोणकोणते उडाले याची यादी डेस्कटॉपवर ठेवलेली सापडते. घरात फोटो आणि चार पीडीएफ एवढंच असेल, तर माझी निम्मी तयारी खुशाल सोडून द्या. अडतं ते पुढे. तुमची फाइल कुठली आणि विंडोजची कुठली, हे त्या रिसेटमध्ये विंडोज ठरवतं, आणि आपलं पुष्कळसं सामान त्याच्या हिशेबात ‘तुमचं’ नसतंच.

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचं सांगतो. गणेशोत्सवाची स्मरणिका वर्षानुवर्षं त्याच लावतात. मराठी मजकूर श्रीलिपीत, आणि व्यापाऱ्यांच्या जाहिराती हिंदीत, म्हणजे कृतिदेवमध्ये. दोन्ही युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे देवनागरी फॉन्ट. इंदूरला दुसरं काय येणार! लॅपटॉप रडायला लागला म्हणून त्यांनी रिसेट केलं, अगदी तुम्ही सांगता तसंच. झाडून सगळ्या फाइल्स शाबूत. अध्यक्षांचं मनोगत उघडलं तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. कृतिदेवमध्ये ‘काम’ लिहिलेलं असेल तर प्रत्यक्षात फाइलमध्ये डी, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट आहे तोवर ती ‘काम’ दिसतात, फॉन्ट गेला की डी-के-ई. आणि फॉन्ट राहतात विंडोजच्या स्वतःच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, जे रिसेटमध्ये नवंकोरं होतं. युनिकोडमध्ये (म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीत) टाइप केलेल्याला ही भीती नाही, पण जुन्या स्मरणिका, लग्नाच्या याद्या, वडिलांचे लेख युनिकोडमध्ये कोणी केलेत? ताईंनी शेवटी प्रेसवाल्याकडून फॉन्ट आणले. पाच मिनिटांची कॉपी आधी केली असती तर त्या ऐन श्रावणात प्रेसच्या पायऱ्या चढल्या नसत्या. एक खुबी आहे : विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत साध्या डबल-क्लिकने टाकलेला फॉन्ट फक्त त्या यूजरपुरता, ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये बसतो. म्हणजे दोन्हीकडे बघायचं.

हे ॲपडेटा म्हणजे माळा आहे घराचा. स्टिकी नोट्सच्या पिवळ्या चिठ्ठ्या तिथे, ब्राउझरचे बुकमार्क तिथे, क्रोमने लक्षात ठेवलेले पासवर्ड तिथे. रिसेट करताना हा माळा बहुतेक रिकामा होतो. कोणी म्हणेल, क्रोमचं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाकतो. टाका, बुकमार्क येतील. पासवर्ड येणार नाहीत. ते ज्या किल्लीने बंद असतात ती त्या जुन्या विंडोज खात्याशी बांधलेली असते, नव्या विंडोजला ती लागत नाही. म्हणून पासवर्ड आधीच गूगल खात्यात सिंक करायचे किंवा क्रोममधूनच एक्सपोर्ट करायचे. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी फोल्डर शोधत बसू नये, टॅलीच्या आतूनच बॅकअप घ्यावा.

आता डी ड्राइव्ह. हा तुमचा सगळ्यात आवडता मुद्दा दिसतो, आणि माझा सगळ्यात नावडता. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी ही एकाच डिस्कवर मारलेली रेघ असते. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करायला बसलात की त्या पडद्यावर सी नाही नि डी नाही. तिथे दिसतं डिस्क ० पार्टिशन ३, डिस्क ० पार्टिशन ४, आणि समोर आकार. दोन्ही सव्वादोनशे जीबीच्या आसपास असतील तर माणूस अंदाजाने बोट ठेवतो. आधीच डी ड्राइव्हवर राइट-क्लिक करून त्याला ‘घरचा डेटा’ असं काहीतरी नाव देऊन ठेवलं, तर ते नाव त्या यादीत दिसतं. फुकटचा उपाय आहे, करून टाका.

जुन्या डिस्कवर चुकीचं पार्टिशन फॉरमॅट झालं तरी रिकव्हरीवाला काहीतरी काढून द्यायचा. एसएसडीवर, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या, फिरती चकती नसलेल्या डिस्कवर, ती आशा धरू नका. फॉरमॅट होताना डिस्कला ट्रिमची आज्ञा जाते, आणि त्या जागा डिस्क स्वतःच आतून साफ करून टाकते. तुमचा विंडोज ९८ पासूनचा अनुभव खोटा नाही, पण तो फिरत्या डिस्कांच्या काळात कमावलेला आहे.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप! नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट झालेली असते, बहुतेकदा डी सकट. सी पुसून नवं विंडोज टाकलं की डीवर कुलपाचं चित्र, आणि ते मागतं ४८ आकडी रिकव्हरी की. ती असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. कोणाच्या खात्यात? आपल्याकडे लॅपटॉप पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीत लावून दिलेला असतो, त्यामुळे त्याच्या. म्हणून आधी त्याला फोन लावा, ती रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, मग पुढचं.

दुकानदाराच्या दारात मी कोणाला उभं करत नाही. उलट तिथे काय होतं ते बघा. काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘सी में कुछ रखना है क्या?’ आपण ऐटीत सांगतो, ‘नहीं भिया, सब डी में है.’ डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सीमध्येच असतं, हे त्या क्षणी आठवत नाही. त्याने विचारलं, आपण नाही म्हटलं, त्याने फॉरमॅट मारला. त्याला बोल कसा लावणार?

तुम्ही रिसेटची बाजू घेता, पण मला त्याहून बरा रस्ता दुसरा वाटतो. विंडोज चालू होत असेल तर त्याची आयएसओ फाइल (विंडोजचं अख्खं इन्स्टॉलर एकाच फाइलमध्ये) उतरवून घ्यायची, डबल-क्लिकने उघडायची आणि आतलं सेटअप चालू विंडोजमधूनच चालवायचं. तिथे फाइल्स आणि ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय येतो, त्यामुळे टॅली, प्रिंटर, श्रीलिपी सगळं पुन्हा मांडत बसावं लागत नाही. आयएसओची भाषा मात्र मूळ विंडोजशी जुळली पाहिजे. ‘इंग्लिश इंटरनॅशनल’च्या जागी अमेरिकन इंग्लिश उतरवलंत तर तो पर्याय निवडताच येत नाही, आणि लोक समजतात कॉम्प्युटरच बिघडलाय. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हेच काम सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून, विंडोज अपडेटच्या मार्फत एका बटणावर होतं. विंडोज धडपणे सुरूच होत नसेल, तेव्हा रिसेट किंवा पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हने फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर टाकलं तर जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. त्यावर विसंबून राहू नका. अपग्रेडनंतर तर विंडोज ते साधारण १० दिवसांत स्वतःच पुसतं.

यातल्या कुठल्याही रस्त्याने जा, त्याआधी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच, यावरून मी मागे हटणार नाही. आणि ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यातले दोन-चार फोटो नि एखादी मोठी फाइल उघडून बघायची. वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलवर ढगाचं चित्र असतं ती तुमच्या डिस्कवर नसतेच, हेही तेव्हाच कळतं.

पेन ड्राइव्ह किती जीबीचा लागेल, असं शेवटी विचारलंत. मायक्रोसॉफ्ट किमान ८ जीबी सांगतं. सिल्व्हर मॉलला, म्हणजे इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, जाणारच असाल तर नवा घ्या, कारण इन्स्टॉलर बनवताना पेन ड्राइव्हवरचं होतं नव्हतं ते सगळं पुसलं जातं. नातवाच्या मुंजीचे फोटो ज्यात आहेत तो वापरू नका.