तीस हजार पायलट हवेत, पण कसले आणि कधी?

बारावीचे निकाल लागायच्या सुमारास एक मेसेज दरवर्षी नवा फोटो लावून फिरतो. मजकूर साधारण असा: देशाला तीस हजार पायलट हवे आहेत, कंपन्यांनी विमानांच्या प्रचंड ऑर्डरी दिल्या आहेत. बारावीनंतर अठरा महिन्यांत लायसन्स, लायसन्स हातात आलं की नोकरी, पहिल्या महिन्यापासून लाखांत पगार. काम महिन्याला सत्तर-ऐंशी तास, तेही बरंचसं ऑटोपायलट करतो. बाकी वेळ घरच्यांसाठी आणि जगभर फुकट फिरायला. शेवटी एखाद्या 'करिअर कन्सल्टंट'चा नंबर आणि 'मर्यादित जागा'.

यंदा तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि मामांनी खाली लिहिलं, "तू तर यातलीच, खरं का गं?" मी मुंबई बेसवर (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर म्हणजे बेस) एअरबस ए-३२० उडवते. मामांना फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण असा मेसेज वाचून शेतजमीन विकायला किंवा घर गहाण ठेवायला निघालेले पालक मी पाहिले आहेत. मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठून तरी खराच उचललेला असतो. मागचंपुढचं वाक्य तेवढं कापलेलं असतं.

तीस हजारांचंच घ्या. नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी २०२५ मध्ये हा आकडा सांगितला होता, पण तो पुढच्या पंधरा ते वीस वर्षांचा. भागाकार केला तर वर्षाला दीड ते दोन हजार होतात. आता दुसरी बाजू बघा. नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने २०२३ मध्ये १,६२२ कमर्शियल पायलट लायसन्स दिली, २०२४ मध्ये १,३४२. म्हणजे दरवर्षी जेवढे लागतील असं म्हणतात, जवळपास तेवढे आताच तयार होत आहेत. शिवाय आधीच्या वर्षांत लायसन्स घेऊन अजून बोलावण्याची वाट बघणारे आहेतच.

विमानांच्या ऑर्डरींचंही तसंच. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची घोषणा केली, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये ५०० विमानांची. बातम्या खऱ्या आहेत. पण इंडिगोची ती ५०० विमानं २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. आज बारावी झालेल्या मुलाचं लायसन्स त्याच्या बरंच आधी येईल आणि बँकेचा हप्ता लायसन्सच्याही आधी सुरू होऊ शकतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, टंचाई कुणाची आहे? कंपन्यांना कमी पडतात ते कॅप्टन, म्हणजे डावीकडच्या सीटवर बसणारे. त्यासाठी एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला किमान १,५०० तासांचं उड्डाण, आणि त्यावर कंपनीच्या कमांड ट्रेनिंगच्या चाळण्या. फ्लाइंग स्कूलमधून बाहेर पडणाऱ्याकडे २०० तास असतात आणि तेही बहुतेक सेसनासारख्या लहानशा विमानावर. त्याला उजवीकडची, म्हणजे को-पायलटची सीट मिळते आणि कंपनीला तिथे बसवायची माणसं एका ठरावीक वेगानेच घेता येतात, कारण प्रत्येक नवख्याला प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर शिकवायला पुन्हा ट्रेनिंग कॅप्टनच लागतो. म्हणून एकाच वेळी कंपन्या परदेशी कॅप्टनना तात्पुरती परवानगी काढून आणतात आणि आपल्याकडचे शेकडो लायसन्सधारक घरी बसतात. यात विसंगती काहीच नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा हा मेसेज नव्या जोमाने फिरला. बघा, पायलटच नाहीत! तिथे झालं होतं वेगळंच. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेले होते, त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि त्या हिशेबाने लागणाऱ्या माणसांचं नियोजन चुकलं. दोनशे तासवाला मुलगा त्या आठवड्यात एकही उड्डाण वाचवू शकला नसता.

आणि कंपन्या बंद पडतात हे मेसेजमध्ये कधीच नसतं. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. कंपनी बुडाली की तिचे हजारो तास उडवलेले, मोठ्या विमानांचं प्रशिक्षण झालेले पायलट एका रात्रीत बाजारात येतात आणि रांगेत नवख्यांच्या पुढे उभे राहतात. २०१९ च्या उन्हाळ्यात ज्यांचं लायसन्स आलं त्यांना आधी जेटवाल्यांच्या मागे उभं राहावं लागलं, मग वर्षभरात कोविड आला.

आता अठरा महिने. कागदावर जमतं. २०० तास, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, किमान ३०० सागरी मैलांचं एक क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं) उड्डाण, रात्रीचे पाच तास, बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचे दहा. शिवाय नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर, प्रत्येकात ७० टक्के. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा वेगळी. अभ्यासू मुलाला पेपर अवघड नाहीत. अडतं ते उडण्यात. गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव ही आपल्याकडची ट्रेनिंगची ठिकाणं. तिथे जून ते सप्टेंबर ढग खाली आले की विद्यार्थी हँगरमध्ये बसून असतो. एक विमान देखभालीला गेलं, एक इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून गेला, की सगळ्यांचे तास अडकतात. दोन-तीन वर्षं लागलेले माझे अनेक सहकारी आहेत आणि त्यातला कुणीही ढ नव्हता. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्लाइंग स्कूलांची पहिली क्रमवारी जाहीर केली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था बसली नाही. जाहिरातीत हे छापायला कुणी तयार होईल असं वाटत नाही.

लायसन्स आल्यावर टाइप रेटिंग, म्हणजे ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण. त्याचे पुन्हा काही लाख. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅममधून गेलात तर वाट जरा सरळ, पण एकूण खर्च कोटीच्या घरात जातो.

लाखांत पगार हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण ऐंशी लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सुमारे १ लाख १० हजार बसतो. नव्या को-पायलटच्या हातात येणाऱ्या रकमेतून हा हप्ता आणि मुंबईतलं भाडं वजा करा, उरेल तो तुमचा 'लाखांत पगार'. कॅप्टन झाल्यावर चित्र पुष्कळ बदलतं, पण त्याला वर्षं लागतात. शिवाय पगाराचा बराच भाग उडालेल्या तासांवर असतो. आजारी पडा, विमानं जमिनीवर राहू द्या, तास घटले की रक्कम घटते.

इथून मी त्या सत्तर-ऐंशी तासांवर येते, कारण नातेवाइकांचा सगळ्यात आवडता मुद्दा हाच. "महिन्याला ऐंशी तास? आमच्या सुनेला आयटीमध्ये दोन आठवड्यांत तेवढे होतात."

वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उडायची मर्यादा आहे, तिला बाराने भागलं की हा आकडा येतो. पण ते ब्लॉक अवर्स. विमान स्टँडवरून हललं की सुरू, पुन्हा स्टँडवर लागलं की बंद. एक साधा दिवस सांगते: मुंबई-नागपूर-मुंबई-इंदूर-मुंबई. चार सेक्टर मिळून ब्लॉक अवर्स होतात सहाच्या आसपास. पण रिपोर्टिंग पहिल्या उड्डाणाच्या तासभर आधी. हवामान, इंधन, नोटॅम (विमानतळ आणि मार्गाबद्दलच्या सूचना), बीए टेस्ट (श्वासातल्या अल्कोहोलची तपासणी), केबिन क्रूशी ब्रीफिंग. मधले तीन टर्नअराउंड, म्हणजे उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, प्रत्येकी पाऊण तास, त्यात सीटवर बसूनच डबा उघडायचा. शेवटी कागदपत्रं. ड्युटी नऊ-साडेनऊ तासांची होते आणि सगळं वेळेवर असलं तरच. जुलैत मुंबईवर होल्डिंग लागलं, म्हणजे उतरायला जागा मिळेपर्यंत हवेत घिरट्या घालाव्या लागल्या, इंधन संपत आलं म्हणून अहमदाबादला डायव्हर्ट झालात, तर घरी सांगितलेली वेळ विसरा. या साडेनऊ तासांतले सहाच त्या ऐंशीत मोजले जातात आणि ठाण्याहून अंधेरीला येणारी कॅब तर कुठेच मोजत नाहीत.

तास कमी असले तरी ते दिवसाच्या कुठल्या कोपऱ्यात पडतात हे खरं दुखणं. सोमवारी पहाटे पाचचं रिपोर्टिंग म्हणजे तीनला उठणं. बुधवारी संध्याकाळी सुरू होऊन रात्री दोनला संपणारी ड्युटी. शरीराला रात्र कुठली हे कळेनासं होतं. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची सावधता सगळ्यात खाली असते, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात. २२ मे २०१० ला दुबईहून रात्री निघून सकाळी मंगळुरूला उतरताना एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या रनवेवरून खाली कोसळलं, १५८ जण गेले. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. लांब झोपेतून उठल्यावर मेंदूवर राहणारी सुस्ती हे चौकशी अहवालाने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत धरलं. नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली आणि रात्रीच्या ड्युटीतली लँडिंग सहावरून दोनवर आली, ती हे सगळं डोक्यात ठेवूनच. आमच्या संघटना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. इतकं करूनही डिसेंबरच्या गोंधळात रात्रीच्या काही तरतुदींतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळालीच.

घरच्यांसोबत वेळ? बेस कंपनी ठरवते. माझा मुंबई आहे, माहेर नागपूर, आणि नागपूरचा बेस मागून मिळेल असं कुणी समजू नये. बेस एकीकडे आणि बायकामुलं दुसरीकडे असलेले सहकारी बरेच आहेत. ते सुट्टी लागली की स्टाफ तिकिटावर निघतात. हे तिकीट 'सबलोड' असतं, म्हणजे विमानात सीट रिकामी राहिली तर तुम्ही बसणार. गणपतीच्या आदल्या दिवशी सीट रिकामी राहत नाही. ४८ तासांच्या सुट्टीतले सहा तास विमानतळावर गेटपाशी घालवून परत फ्लॅटवर आलेला माणूस मी पाहिला आहे. होम स्टँडबाय, म्हणजे घरी राहून बोलावण्यासाठी तयार राहायची ड्युटी लागली असेल तर फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळ गाठायचं, त्यामुळे तो दिवस बेसवरच काढावा लागतो.

अमेरिकेत तर दुसऱ्या शहरात राहून विमानानेच ड्युटीला येणं सर्रास चालतं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० जण गेले. दोन्ही पायलटांचा बेस न्यूअर्क, पण कॅप्टन फ्लोरिडाहून आला होता आणि को-पायलट रात्रभर प्रवास करून सिअ‍ॅटलहून. त्यांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम झालेला असावा, पण किती ते ठरवता येत नाही, असं तपास यंत्रणेने लिहिलं. पुढे तिथे को-पायलटसाठीही साधारण १,५०० तासांची अट आली आणि विश्रांतीचे नियम बदलले. आपल्याकडे दोनशे तासांवर उजवी सीट मिळते, याबद्दल त्या मेसेजवाल्यांनी खरं तर डीजीसीएचे आभार मानायला हवेत.

ऑटोपायलटबद्दल थोडक्यात. टॅक्सी आणि टेकऑफ आम्हीच करतो. ऑटोलँडसाठी रनवेवर तशी यंत्रणा आणि विमानाची, क्रूची तशी पात्रता लागते. तो प्रामुख्याने दाट धुक्यात वापरतात, बाकी बहुतेक लँडिंग हातानेच होतात. आडव्या वाऱ्यात आणि धो धो पावसात मुंबईच्या रनवेवर ऑटोपायलट काढून विमान उतरवणाऱ्याला हा विनोद एकदा ऐकवून बघा.

फुकट जगप्रवासही जवळपास असाच. लेओव्हरला, म्हणजे दुसऱ्या गावच्या मुक्कामाला, दिसतं ते हॉटेल, त्यातला पडदा ओढलेला खोलीचा अंधार आणि पुन्हा बस.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन-तीन गोष्टी मात्र पालकांना माहीत हव्यात. क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी, दरवर्षी द्यावी लागते. ती गेली की कमाई थांबते, कर्ज थांबत नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा. उड्डाणाआधीच्या बीए टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलं तर पहिल्याच वेळी तीन महिने निलंबन. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा वापरायचा नाही असा नियम आहे. आणि नोकरी सोडायची तर को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षभराची. २०१७ पासून हे डीजीसीएच्याच नियमात आहे.

मामांनी शेवटी विचारलं, मग मुलाला घालू की नको? मला हे काम आवडतं, तेव्हा नको असं मी कशाला सांगू. एवढंच सांगितलं की कुठेही पैसे भरायच्या आधी क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल करून घ्या. खर्च फीच्या मानाने किरकोळ आहे आणि डोळे, कान, हृदय यातलं काही अडणार असेल तर ते आत्ताच कळेल. मग त्या कन्सल्टंटला फोन न करता थेट संस्थेत जा. ऑफिसात बसू नका, हँगरवर जा. आज किती विमानं उडण्याच्या स्थितीत आहेत, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे सरासरी किती तास झाले, हे विचारा. उत्तर देताना मॅनेजर ब्रोशर उघडायला लागला, तर बाहेर झाडाखाली बसलेल्या पोरांना तेच विचारा. त्यांना आकडे तोंडपाठ असतात.