बॉक्सिंगचं सांगायचं असेल तर आधी व्हर्जन सांगा!

"हॅजफ्लॅग बिनधास्त वापर, आता बॉक्सिंग होत नाही." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर टाकलं तर मी सरळ विचारणार, कुठल्या डॉटनेटवर होत नाही? (हॅजफ्लॅग म्हणजे सी शार्पमध्ये एखाद्या एनमला ठराविक फ्लॅग लागलाय का ते तपासणारी मेथड; बॉक्सिंग म्हणजे साधा आकडा हीपवर, म्हणजे मेमरीच्या सामायिक भागात, ऑब्जेक्टमध्ये गुंडाळून ठेवणं.) अर्धी माहिती छातीठोकपणे सांगत सुटलेत सगळे, आणि चटके बसतात ते आम्हाला, चिकोडी-निपाणीकडच्या साखर कारखान्यांत जुन्या मशीनवर सॉफ्टवेअर चालवून दाखवणाऱ्यांना.

आमचं काम ऊस वजनकाट्याचं. प्रत्येक पावतीला स्टेटसचा एक एनम, म्हणजे नावं दिलेल्या ठराविक आकड्यांचा संच, असतो: गाडी भरलेली, रिकामी, बिल झालं, कपात बाकी. ते तपासणारी लायब्ररी डॉटनेट स्टँडर्ड २.० ची, म्हणजे जुन्या-नव्या दोन्हीकडे चालणारी. बेळगावात ऑफिसच्या मशीनवर डॉटनेट ८ मध्ये हॅजफ्लॅगचा बेंचमार्क घेतला की अलोकेशन, म्हणजे नवी मेमरी घेणं, शून्य. तीच लायब्ररीची फाइल (डीएलएल) कारखान्यात जुन्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर गेली की हॅजफ्लॅगच्या प्रत्येक कॉलला हीपवर दोन ऑब्जेक्ट! एक ज्या एनमवर कॉल केला त्याचा, दुसरा आत दिलेल्या फ्लॅगचा. चार बाइटचा आकडा, आणि ६४ बिटवर बॉक्स झाला की २४ बाइट. हंगामातल्या सगळ्या पावत्यांवर बिलाचा हिशोब लावला की नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला उसंत म्हणून मिळत नाही. बिल आणि काटा एकाच मशीनवर. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हर खिडकीशी येऊन ओरडतोय, "काय करूलासा ओ आत?" काट्यावरच्या क्लार्कनं त्याला काय सांगायचं, जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालताना त्याचं मशीनकोड बनवणारा रनटाइमचा भाग, जुना आहे म्हणून?

आणि सोर्समध्ये यातलं काहीच दिसत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. कास्ट नाही, वॉर्निंग नाही, ओळ अक्षरशः तीच. डॉटनेट कोअर २.१ पासून, म्हणजे २०१८ पासून, जेआयटी हा कॉल ओळखून त्याची साधी बिट तपासणी करून टाकतो. चांगलंच केलं, तक्रार त्याची नाहीच. पण हे करणारा जेआयटी फ्रेमवर्क ४.८ मध्ये नाही, हे सल्ला देताना का गिळून टाकता?

बरं, सगळीकडे एकच नियम असता तरी लक्षात ठेवलं असतं. स्ट्रिंग इंटरपोलेशनचं, म्हणजे मजकुरात थेट आकडे घालायचं, उलटंच! डॉटनेट ६ आणि सी शार्प १० पासून आकडे बॉक्स न करता स्ट्रिंग बनते, पण ते ठरतं कंपाइल करताना, टार्गेट बघून, म्हणजे कुठल्या डॉटनेटसाठी बनवतोय ते. स्टँडर्ड २.० साठी कंपाइल केलेली लायब्ररी डॉटनेट ८ वर नेऊन चालवा, तरी आतून स्ट्रिंग फॉरमॅटच, आणि प्रत्येक आकडा बॉक्स. म्हणजे हॅजफ्लॅगला रनटाइम बघायचा, इंटरपोलेशनला टार्गेट बघायचं. एनमची की असलेल्या डिक्शनरीचं तर फ्रेमवर्क ४ च्या आधी वेगळं आणि नंतर वेगळं. आता डॉटनेट ९ मध्ये जो बॉक्स मेथडच्या बाहेर जात नाही तो कधीकधी स्टॅकवरच, म्हणजे मेथड संपली की आपोआप मोकळ्या होणाऱ्या मेमरीत, राहतो, म्हणून नवी पोरं म्हणायला लागलीत की बॉक्सिंग हा विषयच संपला. कुणाचा संपला रे?

"मग अपग्रेड करा की." हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा कारखान्याच्या काट्याच्या खोलीत येऊन बसावं. मशीन विंडोज ७ चं, त्यावर डॉटनेट ८ ला सपोर्ट नाही. काट्याच्या इंडिकेटरशी बोलणारा कंपोनंट फक्त फ्रेमवर्कवर चालतो. गाळप सुरू असताना त्या मशीनला हात लावायची परवानगी कोण देणार? शेतकऱ्याचा ऊस वाळत असतो, वजन रोज घटतं.

आम्ही लायब्ररीतले सगळे हॅजफ्लॅग काढून सरळ बिटवाइज अँड घातला. सगळीकडे चालतो, कुठेच बॉक्स होत नाही. तर रिव्ह्यूमध्ये शेरा: "जुनाट दिसतंय, हॅजफ्लॅग वापरा." फ्रेमवर्क ४.८ वरचा प्रोफायलर रिपोर्ट जोडल्याशिवाय तो बदल माझ्याकडे पाठवू नका. मी मर्ज करणार नाही.