झाडावरचा नवरदेव

सुपरमार्केटच्या फ्रीजरमधली गोठलेली टर्की बघून कोणाला वाटेल की हा पक्षी उडतो? थँक्सगिव्हिंगच्या सणाला ओव्हनमध्ये जाणारी पाळीव टर्की खरंच उडत नाही. तिची छातीच एवढी वाढवलेली असते की बिचारीला स्वतःचं वजन पेलेनासं होतं. पण तिची रानातली भावंडं रोज संध्याकाळी पंख फडफडवत उंच झाडावर चढतात, तिथेच रातथारा करतात आणि उजाडलं की खाली उतरतात. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात इतकी वर्षं काढूनही हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडतही नव्हतं. अडलं ते शेजाऱ्यामुळे.

हा शेजारी एरवी देवमाणूस. बर्फ पडला की स्वतःच्या दारासमोरचा काढतो तसा माझ्याही दारासमोरचा काढून टाकतो. पण एप्रिल लागला की त्याच्या अंगात येतं. वसंतातला टर्कीच्या शिकारीचा हंगाम आमच्याकडे एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो आणि तीन आठवडे चालतो. तेवढे दिवस तो माणसांशी कमी आणि लाकडी डबीशी जास्त बोलतो. तिच्या कडांवर झाकण घासलं की मादी साद घालतेय असा आवाज येतो. त्याला ‘बॉक्स कॉल’ म्हणतात. यंदा त्याच्या नेहमीच्या जोडीदाराचा गुडघा दुखावला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. ‘बंदूक मी धरतो, तू फक्त डिकॉय धर,’ म्हणाला. वर्षानुवर्षं ज्याच्याकडून बर्फ काढून घेतलाय, त्याला नाही कसं म्हणणार?

डिकॉय म्हणजे फोमच्या नकली टर्की. एक मादी आणि एक ‘जेक’, म्हणजे मिसरूड फुटलेला तरुण नर. मोठा नर, म्हणजे ‘टॉम’, मादी बघून भुलतो आणि तिच्याशेजारी उभं असलेलं हे पोर बघून चवताळतो, असं ते शास्त्र. शास्त्र ठीक आहे, पण फोमची मादी वर्षभर गॅरेजात घडी घालून ठेवलेली होती. घडी उलगडली तरी तिची एक बाजू आत गेलेलीच राहिली. शेजाऱ्याने हेअर ड्रायरने शेकून पाहिलं. थोडी बाळसेदार झाली, पण मान वाकडी ती वाकडीच.

मुलगी दाखवायच्या आधी मुलगा कुठे राहतो ते बघून यावं लागतं. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात गेलो आणि शेजाऱ्याने चक्क घुबडाचा आवाज काढला. टॉमला कुठलाही मोठा आवाज सहन होत नाही. घुबड ओरडो, वीज कडाडो की कोणी गाडीचं दार आपटो, फांदीवरून त्याचं ‘गळगळगळ’ उत्तर येतंच. आलं. ओढ्याकाठच्या सिकमोरच्या झाडावर महाराज निजले होते. शेजाऱ्याने फोनवर जागेची खूण केली आणि आम्ही जवळच्या मोटेलात आडवे झालो.

पहाटे निघताना कपड्यांची झडती झाली. टॉमचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं, मूडप्रमाणे रंग कमीजास्त होतात. झाडीत यातला कुठलाही रंग हलला तर दुसरा शिकारी त्यालाच टर्की समजू शकतो. अमेरिकेच्या झेंड्याचे तिन्ही रंग अमेरिकेच्याच जंगलात वर्ज्य! आईने विणलेला माझा लाल मफलर गाडीत राहिला. पांढरे मोजेही काढायला लावले, कारण खाली बसलं की विजार वर सरकते आणि घोटे दिसतात.

आता खरा प्रश्न. डिकॉय लावायचे किती लांब? फार लांब लावले तर टॉमला दिसत नाहीत. फार जवळ गेलं तर तो वरून आपल्यालाच बघतो. टर्कीला अंधारात फारसं दिसत नाही आणि वासही जवळजवळ येत नाही (त्या दिवशी आंघोळ न केल्याचं मी समर्थन करू शकतो), पण झुंजुमुंजू झालं की तिच्या नजरेतून काही सुटत नाही. शेजाऱ्याच्या मते शंभर यार्डांच्या आत जाणं म्हणजे वेडेपणा. असं बजावून तो माझ्या अंदाजाने साठ यार्डांपर्यंत गेला. मी पिशवीतून मादी काढली, खुंटी जमिनीत खुपसली आणि चाचपडत वाकडी मान झाडाकडे वळवली. जेकचं तोंड आमच्याकडे ठेवलं. टॉम भांडायला समोरासमोर येतो, म्हणजे जेकला भिडताना त्याची पाठ आमच्याकडे होते. इतका सखोल विचार माझ्या लग्नातही कोणी केला नव्हता.

मग खांद्यांहून रुंद ओकला पाठ टेकून बसलो. आता हलायचं नाही, खोकायचं नाही, खाजवायचं तर नाहीच. आणि खाजवण्यासारखं पुष्कळ होतं. ओझार्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या या डोंगराळ भागाच्या, जंगलात एप्रिलपासून गोचिड्यांचं राज्य असतं. त्यातली ‘लोन स्टार’ नावाची गोचिडी चावली तर काहींना पुढे मटणाची ॲलर्जी होते. कोंबडी चालते, टर्की चालते, पण मटण खाल्लं की काही तासांनी अंगावर गांधी उठतात, कधी त्याहून वाईट. हे शेजाऱ्याने मला बसल्यावर सांगितलं. मी कोल्हापूरचा. तिथून पुढे पायावर जे जे काही चाललं, ते मला तांबड्या रश्शाच्या मुळावर उठलेलं वाटत होतं.

फटफटलं. सिकमोरवरून पहिलं ‘गळगळगळ’ आलं आणि खरं सांगतो, छातीत धडधडलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मिसुरीत रानटर्की जवळपास संपल्याच होत्या. पकडून नवनव्या जंगलांत सोडत त्या वाढवल्या, तेव्हा कुठे 1960 साली वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. हे शेजारी चर्चमधल्यासारख्या आवाजात सांगतो. पिसारा फुलवून फांदीवर इकडून तिकडे फिरणारं ते धूड बघितलं की त्याचा सूर पटतो.

शेजाऱ्याने डबी हलकेच घासली. टॉमने उत्तर दिलं. पुन्हा घासली, पुन्हा उत्तर. पण स्वारी खाली उतरेना. बारकाईने बघत होती. विचार करा, सगळ्या माद्या अजून फांद्यांवर पेंगताहेत आणि ही एकटी बया अंधारातच खाली येऊन, मान वाकडी करून उभी. खानदानी घरातली वाटेल का? त्यात वारा सुटला आणि मादी खुंटीभोवती गरगर फिरायला लागली. जेक आपल्या जागी ढिम्म.

शिवाय टर्कीच्या समाजात रीत उलटी आहे. नर पिसारा फुलवून हाका मारतो आणि मादीनेच त्याच्याकडे जायचं असतं. म्हणजे वर नवरदेव म्हणतोय, ‘दिसतेयस ना मला? मग ये की.’ खाली फोमची नवरी गिरक्या घेतेय. आणि मध्ये डबी घासणारे मामा. तासभर ही बोलणी चालली. माझा डावा पाय केव्हाच बधिर झाला होता.

शेवटी पलीकडच्या ओकवरून खऱ्या माद्या धपाधप उतरल्या, ओढ्यापलीकडे. आमच्या मुलीकडे ढुंकूनही न बघता टॉमने झेप टाकली आणि त्यांच्या मागोमाग टेकाडाआड गेला. शेजारी मात्र उठेना. ‘माद्या अंड्यांवर बसायला गेल्या की तो एकटा पडतो, मग परत येतो,’ म्हणाला. सरकारी जंगलात दुपारी एकला शिकार थांबवावी लागते. एकपर्यंत आम्ही बसलो. आली ती एक खार. जेकच्या पाठीवर चढून तिने काहीतरी निवांत कुरतडून खाल्लं.

घरी आल्यावर बायकोने दारातच उभं करून तपासणी केली. गुडघ्यामागे एक गोचिडी सापडली. चिमट्याने अलगद ओढून तिने ती चिकटपट्टीखाली ठेवली आणि वर तारीख लिहिली. शेजाऱ्याने दिलेली गेल्या हंगामातली टर्कीची तंगडी कुकरमध्ये सहा शिट्ट्या होऊनही चिवटच होती. आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘मफलर जंगलात विसरला नाहीस ना?’ तिने विचारलं.