महान्यायवादी तुमचा वकील नव्हे

गणपतीच्या आधीचे दिवस होते. कणकवलीजवळच्या एका वाडीतले आजोबा माझ्या ऑफिसात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत मुंबई-गोवा महामार्गाच्या भूसंपादनाचे कागद: सातबारा, मोजणीचा नकाशा, प्रांतांचा निवाडा, मग लवादाचा निवाडा. त्यांची नऊ हापूसची कलमं आणि विहिरीचा कठडा रुंदीकरणात गेला होता. सगळ्यात वर, वेगळ्या कागदात गुंडाळून, स्पीड पोस्टाची पावती होती. पत्र गेलं होतं दिल्लीला, भारताच्या महान्यायवाद्यांच्या, म्हणजे ॲटर्नी जनरलच्या, नावाने.

"वकिलानु, थेट दिल्लीक पत्र धाडलंय. आता कोर्टात कित्याक जावचा?"

लवादाच्या निवाड्याची प्रत हातात कधी पडली, ते मी विचारलं. पाकिटावरची तारीख बघितली, दिवस मोजले, पुन्हा मोजले. एकशे बेचाळीस. लवादाच्या निवाड्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अर्ज करायला तीन महिने मिळतात. सबळ कारण दाखवलं तर वर आणखी ३० दिवस. त्यापुढे न्यायाधीशांची कितीही इच्छा असली तरी एक दिवसही वाढवता येत नाही. दिल्लीच्या उत्तराची वाट बघण्यात आजोबांची मुदत संपली होती.

त्यांना ही वाट दाखवणारा व्हॉट्सॲपवरचा संदेश मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर तो आमच्या तालुक्यातल्या निदान पाच-सहा गटांवर दिसला आहे. सुशिक्षित माणसं पुढे पाठवतात, म्हणून हे लिहितो आहे. संदेशाचा गोषवारा असा: महान्यायवादी हा देशाचा सर्वोच्च न्याय अधिकारी आहे, त्याचा दर्जा कायदामंत्र्याच्या वर आणि सरन्यायाधीशांच्या बरोबरीचा आहे. त्याने दिलेलं मत न्यायालयांवर बंधनकारक असतं. त्याला कोणी पदावरून काढू शकत नाही. हे पद इंग्लंडच्या राजाचं, आपण फक्त पाटी बदलली. आणि कोणत्याही नागरिकाने सरकारविरुद्ध त्याला पत्र लिहिलं, तर ३० दिवसांत दखल घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे. खाली हरीश साळवे यांचा फोटो.

फोटोचं लगेच सांगून टाकतो. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात साळवे हेगला उभे राहिले ते २०१७ मध्ये. तेव्हा महान्यायवादी होते मुकुल रोहतगी. साळवे त्याआधी, १९९९ ते २००२, सॉलिसिटर जनरल, म्हणजे महान्यायवाद्याच्या खालोखालचे सरकारी वकील होते. महान्यायवादी ते कधीच नव्हते.

आता मुख्य गोष्ट. राज्यघटनेचं कलम ७६ काढून वाचा, पानभरसुद्धा नाही. राष्ट्रपती महान्यायवाद्याची नेमणूक करतात. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला लागते ती पात्रता त्याच्याकडे हवी. त्याचं काम म्हणजे भारत सरकारला कायद्याचा सल्ला देणं आणि राष्ट्रपती सोपवतील ती कायद्याची कामं करणं. देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभं राहून बोलायचा त्याला हक्क आहे, अगदी ओरोसच्या जिल्हा न्यायालयातही. म्हणजे तो सरकारचा सर्वात मोठा वकील आहे. न्याय देणारा अधिकारी तो नव्हे. सरकारविरुद्ध कोणाला सल्ला द्यायलाही नियमांनी त्याला मनाई आहे. सरकारच्या परवानगीशिवाय फौजदारी खटल्यात तो आरोपीचा बचावही करू शकत नाही.

आजोबांच्या प्रकरणात समोरचा पक्ष कोण? केंद्र सरकार. म्हणजे आजोबांनी आपली तक्रार पाठवली ती समोरच्या पक्षाच्या वकिलाला. बांधावरून भांडण असताना शेजाऱ्याच्या वकिलाच्या घरी आपले कागद नेऊन द्यावेत, तसं झालं हे. त्या कार्यालयाने उत्तर दिलं नाही यात त्यांची काही चूक नाही. उत्तर द्यायला त्यांना सांगणारा कायदाच अस्तित्वात नाही. ३० दिवसांची ती अट कोणीतरी मनाने लिहिलेली आहे.

मंत्री, न्यायाधीश वगैरे गोंधळ कुठून आला तेही समजतं. टीव्हीवर अमेरिकेच्या बातम्यांत ॲटर्नी जनरलचं नाव सारखं येतं. तिथे तो खरोखरच मंत्रिमंडळात बसतो आणि न्यायखातं चालवतो. ते पद १७८९ च्या कायद्याने आलं, खातं १८७० मध्ये. इंग्लंडमध्येही ॲटर्नी जनरल हा सत्ताधारी पक्षाचा राजकारणी आणि सरकारचा घटक असतो. आपल्याकडे तसं नाही. महान्यायवादी मंत्रिमंडळात नसतो, सीबीआय त्याच्या हाताखाली नसते, न्यायाधीश तर नाहीतच. कलम ८८ मुळे त्याला लोकसभेत आणि राज्यसभेत दोन्हीकडे बोलता येतं, पण मत देता येत नाही. कायदामंत्र्याचं पद पूर्ण वेगळं. २८ जानेवारी १९५० ला मोतीलाल सेटलवाड पहिले महान्यायवादी झाले, तेव्हा कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मंडणगडातल्या आंबडव्याला बाबासाहेबांचं मूळ गाव बघायला जाणाऱ्या माणसाला ही दोन पदं एक वाटू नयेत, एवढं तरी मला वाटतं.

आणखी एक गल्लत नेहमीची. राज्य सरकारचा वकील म्हणजे महाधिवक्ता. त्याला राज्यपाल नेमतात, कलम १६५ खाली, आणि तो दिल्लीच्या हाताखालचा नसतो. एच. एम. सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत आपल्या राज्याचे महाधिवक्ता होते.

महान्यायवाद्याचं मत न्यायालयांवर बंधनकारक असतं, हा दावा तर इतिहासानेच अनेकदा खोडून काढला आहे. केशवानंद भारती खटला घ्या. तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवसांची सुनावणी. संसदेला घटनेत हवा तो बदल करता येतो, असं महान्यायवादी नीरेन डे केंद्रातर्फे मांडत होते. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा अशा निकालाने न्यायालयाने सांगितलं की घटनेच्या मूळ गाभ्याला हात लावता येणार नाही. २०१७ मध्ये के. के. वेणुगोपाल यांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही अशी बाजू मांडली. नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ती नाकारली. महान्यायवादी युक्तिवाद करतो आणि न्यायालय ऐकतं. पटलं तर घेतं, नाही पटलं तर सोडून देतं. तालुक्याच्या कोर्टात माझं होतं तेच, फरक एवढाच की त्यांच्या शब्दाला मान जास्त.

त्याला कोणी काढू शकत नाही, हे शंभर टक्के उलटं आहे. त्याला ठरलेली मुदत नाही. राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर तो पदावर, आणि राष्ट्रपती वागतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणूनच सरकार पडलं की महान्यायवाद्याने राजीनामा द्यायचा, असा पायंडा पडला आहे. सोली सोराबजी दोनदा या पदावर आले आणि दोनदा गेले, ते याच वाऱ्याबरोबर.

मग सरकारच्याच मर्जीवरचा हा माणूस सरकारला नको ते ऐकवू शकतो का? मला या सगळ्या विषयात हा प्रश्न सर्वात मोलाचा वाटतो, आणि संदेशात नेमका तोच नाही. उत्तर माणसावर अवलंबून आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले. फिरोझ गांधींनी ते संसदेत बाहेर काढलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग बसला, सुनावणी मुंबईत, सगळ्यांसमक्ष. सेटलवाड तिथे उभे राहिले ते आयोगाला सत्य शोधायला मदत करण्यासाठी. मंत्र्यांची पाठराखण हे आपलं काम त्यांनी मानलं नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. सेटलवाड मात्र १९६३ पर्यंत पदावर राहिले. तेरा वर्षं, आजवर सर्वात जास्त.

आणि दुसरं टोक आणीबाणीतलं. लोकांना चौकशीशिवाय आत टाकलं होतं, त्यांना न्यायालयात दाद मागता येते का, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी नीरेन डे यांना विचारलं, की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याला मारून टाकलं तर काही उपाय आहे का? आणीबाणी चालू असेतोवर नाही, असं उत्तर डे यांनी दिलं. २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं मानलं, खन्नांनी एकट्यांनी विरोधी निकाल लिहिला. पुढे त्यांची सरन्यायाधीशपदाची पाळी डावलली गेली. तो निकाल अखेर रद्द ठरवला गेला, तोही खासगीपणाच्या त्याच २०१७ च्या निकालात. नव्या वकिलांना मी ही दोन प्रकरणं नेहमी एकापाठोपाठ एक वाचायला देतो.

इंग्लंडच्या राजाच्या पाटीबद्दल. नावात आणि परंपरेत इंग्लंडचा वाटा आहेच, तो नाकारायचं कारण नाही. इंग्रजी अमलात सरकारचा वकील ॲडव्होकेट जनरल म्हणवला जाई. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांवर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा फिर्यादीच्या बाजूने मुंबईचे ॲडव्होकेट जनरल उभे होते. १९३५ च्या कायद्याने केंद्राला स्वतंत्र ॲडव्होकेट जनरल मिळाला. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालवला तो त्या पदावरच्या नौशेरवान इंजिनिअर यांनी. मग नुसती पाटी बदलली म्हणायचं? नाही. तिथला वकील राजासाठी उभा राहायचा. इथला आपणच केलेल्या घटनेखाली उभा राहतो, आणि घटना त्याच्या अशिलालाही बांधते.

याचा पडताळा आमच्या किनाऱ्याला जवळचा आहे. बांद्याच्या पलीकडे तेव्हा पोर्तुगीज होते. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मोकळी केली, त्यात मराठी माणसं होती. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून तिकडे भारताच्या हद्दीतून जायचा हक्क हवा, असं त्यांचं म्हणणं. भारताच्या वकिलांचं नेतृत्व केलं सेटलवाडांनी. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता, आणि भारताने काही कर्तव्यभंग केलेला नाही. वीस महिन्यांनी गोवा मुक्त झाला. देशाचा वकील म्हणजे काय, ते मला या खटल्यात सर्वात स्पष्ट दिसतं.

आता त्या पत्राच्या मुद्द्याकडे परत. नागरिकाचं पत्र महान्यायवाद्याकडे रीतसर जातं, अशी एक वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची कारवाई एखाद्या खासगी माणसाला सुरू करायची असेल, तर १९७१ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे महान्यायवाद्याची किंवा सॉलिसिटर जनरलची लेखी संमती लागते. अशा संमतीची पत्रं वर्तमानपत्रात गाजतात, अफवेचं बी तिथलं असावं. दुसरं म्हणजे न्यायालयाला पत्र लिहून याचिका होते, तेही खरं. पण ते पत्र न्यायालयाला असतं, आणि जमिनीच्या मोबदल्याचा एकट्यादुकट्याचा वाद त्या वाटेने जात नाही.

महामार्गाच्या मोबदल्याची वाट १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात लिहिलेली आहे. प्रांत ऑफिसातून निवाडा येतो. रक्कम पटली नाही तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करायचा. तिथेही न्याय वाटला नाही तर जिल्हा न्यायालय, तीन महिन्यांच्या आत. प्रत ज्या दिवशी हातात पडेल, त्याच दिवशी तिच्या कोपऱ्यात पेनाने तारीख घाला आणि पोस्टाचं पाकीट फेकू नका. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथे वकील फुकट मिळतो, आणि त्या समितीला लिहिलेल्या अर्जाचा खरोखर उपयोग होतो.

आजोबांच्याच गट नंबरात त्यांच्या पुतण्याचा हिस्सा आहे. तो मुंबईला असतो. निवाड्याची प्रत मिळाल्यावर तो रजा टाकून गावी आला आणि सत्तराव्या दिवशी त्याचा अर्ज ओरोसला दाखल झाला. सरकारने म्हणणं दिलं आहे, तारखा पडताहेत. पुतण्याला दर तारखेला येणं जमत नाही. आजोबा येतात. सकाळच्या एस्टीने येतात, मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसतात आणि पुकारा झाला की उभे राहतात. त्यांचं नाव त्या अर्जात नाही.