आधी तुम्ही पाठवा!

खेळाडूंची कार्डं जमवायचा नाद लागलाय आणि आता अनोळखी लोकांशी ऑनलाइन अदलाबदल करायची आहे? झकास. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: पलीकडे माणूस नसतो, टोपणनाव असतं. आणि टोपणनावाला कुठलं आलंय मन!

सुरुवात फोटोपासून. कार्ड प्लास्टिकमध्येच ठेवून दिव्याखाली जरा तिरकं धरा, म्हणजे उजव्या कोपऱ्यावरची घडी चकाकीत गडप होते. मागची बाजू कशाला दाखवायची? जाणकार मंडळी कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे का, एवढं सगळं निरखतात; त्यांना ते दिसू दिलं तर सौदा कसा व्हायचा? कुणी चिठ्ठीवर नाव नि आजची तारीख लिहून, ती कार्डाशेजारी ठेवून नवा फोटो मागितला, तर ताबडतोब दुखावून घ्या. 'एवढाही विश्वास नाही?' कार्ड खरंच तुमच्याकडे आहे की फोटो भलत्याच्याच संग्रहातून उचललाय, हा प्रश्न तिथेच विरतो.

कडा झिजल्या असतील तर कात्री आहेच. या कामाला परंपराही थोर आहे. जुन्या काळचा अमेरिकन बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचं जगप्रसिद्ध कार्ड ग्रेडिंगमध्ये, म्हणजे कार्डाची अवस्था पारखून गुण देतात त्यात, १० पैकी ८ गुण मिळवून मिरवत होतं. त्याच्या कडा आपणच कापल्याचं एका लिलाववाल्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. तुम्ही फक्त कोर्टाचा भाग गाळा. आणि हल्लीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं असतं हे समोरच्याला ठाऊक नसावं, अशी प्रार्थना करा.

किंमत ठरवताना प्रत्यक्षात काय भावाने विकलं गेलं ते बघू नका. लोक काय मागतायत तेच बघा. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं? शिवाय बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, हे दर दुसऱ्या निरोपात ऐकवा. १९५२ चा न खपलेला माल ती कार्डं छापणाऱ्या कंपनीनेच पुढे समुद्रात बुडवला, म्हणून ती दुर्मीळ, हे मात्र बोलू नका. तुमचं कार्ड १९९० चं असेल, तर त्या काळी ढिगाने छापलेली कार्डं अजून लोकांच्या माळ्यावर खोकी भरभरून पडली आहेत. त्यांना समुद्र लाभला नाही, एवढंच.

आता पॅकिंग. खरं कसब इथे. बावळट लोक कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे स्लीव्हमध्ये घालतात, मग वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या खोळीत, म्हणजे टॉपलोडरमध्ये. तोंडाला सहज निघणारी रंगाऱ्याची टेप लावून तिचं टोक दुमडून ठेवतात, दोन्ही बाजूंना पुठ्ठा देतात आणि वर बबल मेलर, म्हणजे आतून हवेच्या फुग्यांचं अस्तर असलेलं पाकीट. तुम्ही स्लीव्ह वाचवा आणि टॉपलोडरच्या तोंडावर चकचकीत चिकटपट्टी दाबून बसवा. मला एकदा असंच एक पाकीट आलं. नखाने पट्टी सोडवता सोडवता कार्ड अर्धा इंच वर सरकलं, त्याची वरची कड डिंकाला चिकटली आणि पट्टीबरोबर खेळाडूच्या टोपीचा निळा पापुद्राही निघून आला. ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे. टोपी तिच्यावरच जास्त स्पष्ट दिसते.

ट्रॅकिंग नंबर? छे! पोस्टाला थोडं गूढ राहू द्या. पैशांचा फरक द्यायचा असेल तर पेपालवर 'मित्र आणि कुटुंबीय' याच पर्यायाने पाठवायला लावा. त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं आणि परवाच ओळख झालेल्या माणसाला एकदम घरचं म्हटल्याचं पुण्यही लागतं.

राहिला प्रश्न आधी कोणी पाठवायचं हा. रिवाज असा की ज्याच्या नावावर चांगले अभिप्राय कमी, त्याने. तुम्ही त्या रिवाजाची थोरवी गा आणि मग आपल्याला प्रवासाला निघायचंय असं सांगा. त्याचं पाकीट पोचलं की दहा दिवस गप्प. त्याने चौथ्यांदा 'मिळालं का?' विचारलं की 'घरात आजारपण आहे' म्हणून कळवा. तो बिचारा तब्येतीचीच चौकशी करत बसेल.

अशाने खात्याखाली चार कडवट ओळी जमतातच. मग नवं टोपणनाव घ्या, नवं खातं उघडा. पहिल्याच दिवशी तुम्ही वर्षानुवर्षं शोधत होता ते रुकी कार्ड, म्हणजे लाडक्या खेळाडूचं नवखेपणीचं कार्ड, समोर येईल. फोटो जरा तिरका, वरचा कोपरा चकाकीत. पलीकडचं खातंही कालचंच. आणि निरोप आलेला असेल, 'आधी तुम्ही पाठवा, मी उद्या प्रवासाला निघतोय.'