पर्यावरणात करिअर करायचंय? मग तळ्याकडं अजिबात जाऊ नका

सगळ्यात आधी ती ३०० एमएलची काचेची बाटली होती तिथं ठेवा. हो तीच, बीओडी बॉटल, पाण्यातले जंतू घाण खायला किती ऑक्सिजन घेतात ते बघायची, लॅबच्या कपाटात खालच्या कप्प्यात असते नि बारातल्या चारांची झाकणं हरवलेली असतात. ती पिशवीत घालून सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर जायचा विचार मनात आला तर जागेवरच थांबा, चहा प्या, विचार जातो. कारण एकदा तुम्ही पाण्यात वाकून सॅम्पल घेतलं की मागनं सगळी लचांडं येतात. डिझॉल्व्ड ऑक्सिजन, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, डीओ, बघायचा तर सॅम्पल जागेवरच फिक्स करावं लागतं, म्हणजे काठावर उकिडवं बसून मँगनीज सल्फेट घाला, अल्कलाइन आयोडाइड घाला, झाकणाखाली बुडबुडा राहता कामा नये, मग तपकिरी साका खाली बसायची वाट बघा, मग लॅबमध्ये येऊन ॲसिड, मग थायोसल्फेटचं टायट्रेशन, स्टार्च टाकल्यावर निळं झालेलं पाणी एका थेंबात रंगहीन होतं आणि तो थेंब बरोबर तुम्ही मोबाइल बघताना पडतो. एवढी मरमर करून हातात काय, एक आकडा. आकडा तर फॅनखाली बसून पण काढता येतो की.

मी काढलाय, म्हणून सांगतोय.

आमचा थर्ड इयरचा प्रोजेक्ट होता कंबर तलावाच्या पाण्याची गुणवत्ता. आधीच्या तीन बॅचचा पण हाच होता त्यामुळं माल तयार होता, फक्त शेवटचा अंक बदलायचा. कॉलेजपासनं विजापूर रोडचा हा तलाव रिक्षानं पंधरा मिनिटं, तेवढं पण गेलो नाही, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटायली, ४३ डिग्रीत कोण मरायला जातंय बे. तीन साइट दाखवल्या. डीओ ६.८, ६.८, ६.९. पीएच तिन्हीकडं ७.०, एकदम देवाच्या तीर्थासारखं. बीओडी ४८, सीओडी ३२. स्पायरल बाइंडिंग केलं, वरनं प्लास्टिकचं कव्हर लावलं, दिसायला लग्नाच्या अल्बमसारखं.

एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले ते वयस्कर, कमी बोलणारे. दोन पानं उलटली, एक पान मागं आले, चष्मा वर केला.

"बाळ, सीओडीत काय काय येतं?"

मी पाठ केलेलं घडाघडा म्हणलो, सीओडी म्हणजे पाण्यातली सगळी घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन, बीओडी म्हणजे त्यातलं फक्त जंतू खातात तेवढं.

"म्हणजे जंतू जे खातात ते पण आणि जे खात नाहीत ते पण. बरोबर?"

"हो सर."

"मग चार भाकरीतल्या सहा कुणी खाल्ल्या?"

मी गप्प. शेजारी उभा असलेला माझा पार्टनर खिडकीतनं बाहेर बघायला लागला, जणू तो पंखा दुरुस्त करायला आलेला. मग सरांनी विचारलं सॅम्पल किती वाजता घेतलं. सकाळी सर. किती? अकरा सर. साइट दोनवर जलपर्णी होती का? नाही सर, पाणी स्वच्छ होतं. ते म्हणाले, "मी आत्ता येताना तिथंच थांबलो होतो, बगळा जलपर्णीवर चालत होता." आणि चहाचा कप उचलला.

तर या अनुभवातनं माझा सल्ला असा की खोटं लिहायचं असेल तर नीट शिकून लिहा. बीओडी सीओडीच्या खाली ठेवा, हे पहिलं. मग लक्षात घ्या की ३० डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅमच मावतो, पण शेवाळानं हिरवं झालेलं तळं असेल तर दुपारी दोन-तीन वाजता त्याच पाण्यात त्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतो कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, आणि पहाटे तेच शेवाळ रात्रभर श्वास घेऊन सगळा संपवून बसलेलं असतं, तेव्हा आकडा तळाला जातो आणि मासे वर तोंड काढतात. जिथं जलपर्णीची चटई आहे तिथं खाली ऊनच पोचत नाही म्हणून तिथला आकडा वेगळा. त्यामुळं तीन साइटला ६.८, ६.८, ६.९ येणं म्हणजे तीन वेगळ्या घरची आमटी एकाच चवीची लागणं. म्हणजे खोटा आकडा पटेल असा लिहायचा तर वेळ पाहिजे, तापमान पाहिजे, ढग होते का ते पाहिजे, शेवाळ किती ते पाहिजे, आणि हे सगळं माहीत करून घ्यायला तळ्यावरच जावं लागतंय. एवढं करण्यापेक्षा शिकूच नका. सोपं पडतं.

आता सर्व्हे. सर्व्हेसाठी गुगल फॉर्म बनवायचा आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, खाली हात जोडलेले तीन इमोजी. प्रश्न असा ठेवायचा की उत्तर एकच निघेल: प्रदूषण आरोग्यास हानिकारक आहे असे आपणांस वाटते का? सगळे हो म्हणतात, एक जण चुकून नाही दाबतो, पाय चार्ट तयार. शीर्षक द्यायचं 'सोलापूर शहरातील नागरिकांची पर्यावरणविषयक जागरूकता'. नागरिक म्हणजे आपलेच बॅचमेट नि एकाची मावशी.

चुकूनसुद्धा पूर्व भागात जाऊ नका. आमच्यातली एक पोरगी गेली होती, वेडी, प्रश्नावली इंग्लिशमधनं मराठीत केलेली, 'आपण उगमस्थानी कचऱ्याचे वर्गीकरण करता का'. तिथं घरात तेलुगू बोलतात, दारात एक आजी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायलेल्या. आजींनी हात न थांबवता विचारलं, उगमस्थान म्हणजे काय गं? पोरीनं सांगितलं की ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. आजी म्हणाल्या, "मी करते की वेगळा. ती घंटागाडी एकातच टाकते, तिला विचार जा." मग स्वतःच सांगायला लागल्या की मागच्या गटारीला पाणी कुठल्या वारी कुठल्या रंगाचं येतं, लाल कधी, हिरवं कधी, रंगाईचं काम कधी जोरात असतं आणि कधी बंद. पोरगीनं दोन तास बसून वहीत लिहून घेतलं, चहा पण पिऊन आली. आता बघा, हे कुठल्या पर्यायात टिक करणार? फॉर्ममध्ये 'इतर' पण नव्हतं. तिचा सॅम्पल साइज एक आला, आमचा सत्तावन्न. मार्क कुणाला जास्त पडले ते मी सांगत नाही.

प्रेझेंटेशनबद्दल थोडक्यात. स्लाइडवर पूर्ण परिच्छेद टाका, प्रेक्षकांकडं पाठ करा आणि वाचा. हवेच्या प्रदूषणावर बोलायचं असेल तर फोटो दिल्लीचाच पाहिजे, इंडिया गेट नि धूर. सोलापूर स्वतः २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आहे हे कुणाला सांगू नका, उगाच लोक विचारतील मग आपल्याकडं पीएम-टेन, म्हणजे हवेतले बारीक कण, कशामुळं, नि मग रस्त्याची धूळ, बांधकामं, कचरा जाळणं असलं सगळं बघत फिरावं लागेल.

आणि माळढोक पक्ष्यावर बोलायचं असेल तर गुगलवर पहिला जो फोटो येईल तो डाउनलोड करा. आमच्या मित्रानं केला. नान्नजला अभयारण्य इथनं बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर, पण गेला नव्हता, हॉलमध्ये मात्र वनखात्याचे एक गार्ड पाहुणे म्हणून बोलावलेले. पठ्ठ्यानं दणक्यात सुरुवात केली, 'आपल्या सोलापूरची शान'. गार्डकाका मागच्या रांगेतनं शांतपणे म्हणाले, "ओ, हा आपला नव्हे, आफ्रिकेतला हाय. आपल्याची मान पांढरी असती, डोक्यावर काळी टोपी." मग तेच पुढं वीस मिनिटं बोलले, स्लाइड नाही काही नाही. वीजतारा समोर असून माळढोकाला कशा दिसत नाहीत, कारण डोळे बाजूला असल्यामुळं नाकासमोरचं कमी दिसतं आणि जड अंगामुळं ऐनवेळी वळता येत नाही. अभयारण्य आधी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, लोकांना घराला खोली वाढवायची तर परवानगी, विहिरीला परवानगी, मग माळढोक म्हणलं की गावात लोक कसे चिडायचे, नि शेवटी क्षेत्र कापून बाराशेच्या घरात कसं आणलं. पोरं हलली नाहीत जागची. म्हणजे बघा, ना पीपीटी, ना लेझर पॉइंटर. असलं अनप्रोफेशनल कम्युनिकेशन तुम्ही करू नका.

रिसर्च पेपर मात्र हवाच, थर्ड इयरलाच हवा. आंतरराष्ट्रीय जर्नल असतं, पैसे भरले की दोन दिवसात ॲक्सेप्ट, सर्टिफिकेटवर सोनेरी बॉर्डर. कॉपीचं टेन्शन घेऊ नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, पुढं मात्र पायऱ्या आहेत, म्हणून मजकूर शब्द बदलून देणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. आमच्या एकानं टाकला तर डिझॉल्व्ड ऑक्सिजनचं 'मेल्टेड ऑक्सिजन' होऊन आलं. छापून पण आलं तसंच. आजतागायत कुणी हरकत घेतलेली नाही, कारण वाचलंय कुणी.

आता येऊ नोकरीकडं, घरचे तेच विचारतात. मामा विचारतो पर्यावरण म्हणजे झाडं लावायची का. हो म्हणा. ५ जूनला लावताच की, त्याच खड्ड्यात, दर वर्षी, पाऊस यायच्या आधी, रोपाला बारा हात लावून फोटो. तो खड्डा आता कॉलेजच्या स्थावर मालमत्तेत धरायला हरकत नाही.

सीव्हीत वेबिनारची सर्टिफिकेटं घाला, चाळीस तरी पाहिजेत, वेबिनार चालू असताना तुम्ही अंघोळीला गेला होता हे कुठं लिहावं लागत नाही. इंटर्नशिपसाठी मेल करायचा तर एकच मेल साठ शास्त्रज्ञांना, सगळे एकाच सीसीत, सुरुवात 'रिस्पेक्टेड सर/मॅडम', त्यांनी काय काम केलंय ते वाचायचं नाही, शेवटी 'प्लीज डू द नीडफुल'. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणूनच शिकू नका, फुकटचं काय कामाचं. २०२१ पासनं गेट परीक्षेला पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे तिकडं पण बघू नका, उगाच आशा लागते.

आणि काही झालं तरी मराठी लिहायला शिकू नका, ही सगळ्यात मोठी चूक ठरेल. कारण असं आहे, २००६ च्या ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या, अधिसूचनेप्रमाणं मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते, प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, तीस दिवस आधी नोटीस, आणि अहवालाचा सारांश इंग्रजीसोबत स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो सारांश कुणीतरी लिहितंच की. मी एका सुनावणीला मागं उभा होतो, मंडपात स्टेजवर वाचन चाललेलं, 'प्रस्तावित प्रकल्पातून निर्माण होणाऱ्या बहिःस्रावाचे शून्य द्रव विसर्ग तत्त्वानुसार व्यवस्थापन करण्यात येईल'. पहिल्या रांगेतले एक पाटील उठले नि म्हणाले, "ओ साहेब, घाण पाणी माझ्या ओढ्यात सोडणार का नाही, एवढंच सांगा." स्टेजवरच्या चौघांनी एकमेकांकडं बघितलं. चौघंही पर्यावरणातले पदवीधर, एकाकडं पीएचडी. तिथं जर कुणी एक वाक्य सरळ मराठीत बोललं असतं, की बाहेर सोडणार नाही, आतच शुद्ध करून परत वापरणार, आणि सोडलं तर तक्रार इथं करा, तर पाटील खाली बसले असते. पण मग सुनावणी अर्ध्या तासात संपली असती, जेवण उरलं असतं. असली रिस्क नको.

मी आता एका खासगी लॅबमध्ये आहे, पाण्याचीच सॅम्पलं, रोज. पोरं इंटर्नशिपला येतात, पहिल्या दिवशी दारातनंच विचारतात सर्टिफिकेट कधी मिळेल. परवा एक आला, त्याला बाटली दिली, म्हणलं खाली टाकीवर जा नि बुडबुडा न ठेवता भरून आण. तो बाटली घेऊन गेला, बराच वेळ आला नाही. बघतो तर टाकीशेजारी उकिडवा बसलाय, पाचव्यांदा ओततोय, तोंडानं काहीतरी पुटपुटतोय, झाकण तिरकं लावायची युक्ती त्याला आपली आपणच सापडली होती. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी त्याला काही बोललो नाही, वाया जाणार पोरगं, आकडा स्वतः मोजायची सवय लागायलीय.

त्याच रात्री कॉलेजच्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. दादा, कंबर तलावाचा प्रोजेक्ट मिळालाय, तुमच्या बॅचचा डेटा आहे का, उद्या सबमिशन आहे.

फाइल अजून होती ड्राइव्हवर. पाठवली. बीओडी ४८, सीओडी ३२. बघू यंदा एक्सटर्नल कोण येतंय.